तिसरी खुर्ची रिकामीच!

मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. १९४२ साली मजूर खात्याची सूत्रे हाती येताच त्यांनी सरकार, मालक व कामगार यांना एकाच मेजाभोवती बसविले. आज त्यांच्या नावाचा जयघोष करणाऱ्यांना त्या तिसऱ्या खुर्चीचा मात्र सोयीस्कर विसर पडला आहे.

२०१६ च्या कायद्याने महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मंडळांवर उद्योगक्षेत्राला स्थान दिले. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने उद्योगातील अनुभवी मंडळींना प्राध्यापकपद आणि अभ्यासक्रम आखण्याचे कामही देऊ केले. कारखान्याचे ज्ञान वर्गात यावे, याला विरोध कोणाचा? पण कारखाना म्हणजे केवळ मालक नव्हे. शेजारच्या खेड तालुक्यातील लोटे रासायनिक वसाहत तेथील कामगारही जाणतो आणि सांडपाण्याने पोळलेला दाभोळ खाडीचा मच्छीमारही. त्यांना मंडळावर कोण बोलावतो?

मालकाला हवा आजच्या यंत्रापुरता माणूस. मंडणगडच्या मुलाला हवी जन्मभर पुरणारी विद्या. यंत्र बदलले की मालक नवा माणूस शोधील, मुलगा मात्र रस्त्यावर येईल. खर्च जनतेचा, निवड मालकाची, जोखीम मुलाची, हा कुठला न्याय?

मालकांनी जरूर यावे; पण प्रशिक्षणाचा भार उचलून आणि कामगार प्रतिनिधीच्या शेजारी बसून. ही मागणी कार्यकर्त्यांनी अधिसभेपासून रस्त्यापर्यंत रेटली पाहिजे.