छावणीतला धूर आणि पुराव्याचे ओझे

परदेशातील लष्करी तळ म्हटले की डोळ्यांसमोर पहारे, रणगाडे आणि हेलिकॉप्टर येतात. कचरा येत नाही. पण हजारो माणसे एका कुंपणाच्या आत राहतात, तेव्हा तेही एक गावच असते. प्लास्टिकच्या ताटल्या, पाण्याच्या बाटल्या, बॅटऱ्या, टायर, रंगाचे डबे, दवाखान्यातील कचरा हे सारे रोज कुठेतरी जावे लागते. इराक आणि अफगाणिस्तानातील अमेरिकी तळांवर यासाठी सोपा मार्ग निवडला गेला. मोठा खड्डा खणायचा, सगळे त्यात टाकायचे आणि विमानाचे इंधन ओतून पेटवून द्यायचे.

बगदादच्या उत्तरेकडील बलद तळावरचा खड्डा सुमारे दहा एकरांचा होता आणि तो रात्रंदिवस धुमसत असे. सैनिक त्याच हवेत पहारा देत, व्यायामासाठी धावत, जेवत आणि झोपत.

उघड्यावरच्या आगीत तापमान कमी असते आणि प्राणवायू सगळीकडे सारखा पोहोचत नाही, त्यामुळे ज्वलन अर्धवट राहते. त्यातून बेंझिन, डायऑक्सिनसारखी विषारी संयुगे आणि फुफ्फुसात खोलवर शिरणारे सूक्ष्म कण बाहेर पडतात. बंदिस्त भट्टीत जास्त तापमान आणि धूर गाळण्याची सोय असल्याने हा धोका बराच कमी होतो. अफगाणिस्तानात अशा भट्ट्या बांधल्याही गेल्या, पण त्यांतल्या काही कधी वापरल्याच गेल्या नाहीत.

घरी परतलेले काही धडधाकट सैनिक जिना चढताना धापा टाकू लागले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ८० सैनिकांची तपासणी झाली. सीटी स्कॅन आणि श्वसनचाचण्या बहुतेकांच्या जवळपास सामान्य होत्या. मात्र ४९ जणांच्या फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासल्यावर ३८ जणांमध्ये सूक्ष्म श्वासनलिका कायमच्या आक्रसल्याचे आढळले. यातील अनेकजण गंधकाच्या खाणीला लागलेल्या आगीच्या धुरातही सापडले होते. त्यामुळे सारा दोष कचऱ्याच्या खड्ड्यांवर टाकता येत नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने दीर्घकालीन परिणामांबद्दल ठाम निष्कर्ष काढण्याइतकी माहितीच नसल्याचे सांगितले.

माझा आक्षेप इथे आहे. कोणत्या सैनिकाने किती धूर घेतला याची नोंद ठेवणे सैनिकाच्या हातात नव्हते. ते काम तळ चालवणाऱ्यांचे होते. त्यांनी नोंद ठेवली नाही आणि पुढे पुरावा मात्र आजारी माणसाकडे मागितला गेला. भरपाईचे बहुसंख्य दावे वर्षानुवर्षे फेटाळले जात राहिले. अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये ‘पॅक्ट’ कायदा आला. ठरावीक ठिकाणी सेवा केलेल्या सैनिकाला ठरावीक कर्करोग किंवा श्वसनविकार झाल्यास तो सेवेमुळेच झाला, असे आता गृहीत धरले जाते. या कायद्याला ज्या सार्जंट हीथ रॉबिन्सन यांचे नाव दिले आहे, ते २०२० मध्येच फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले होते.

यात वेगळ्या कारणाने आजारी पडलेल्या काहींनाही भरपाई मिळेल, हे खरे. तरीही धुराने आजारी पडलेल्याला दारातून परत पाठवणे ही त्याहून मोठी चूक आहे.

हा धूर आपल्या ओळखीचा आहे. जानेवारी २०१६ मध्ये देवनार कचराभूमी पेटली आणि मुंबईवर धूर पसरला. शहराने खिडक्या लावून घेतल्या, पण तिथे कचरा वेचणाऱ्यांना लावायला खिडकी नव्हती. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, तरी गल्लोगल्ली ढीग पेटतातच. कचराभूमीवर हवेची मोजणी करणारे यंत्र, तिथल्या प्रत्येक कामगाराची दरवर्षी श्वसनचाचणी आणि तिचा कागद त्याच्या हातात, एवढे तर महापालिकांना आजच करता येईल. उद्या तो कामगार खोकत दवाखान्यात गेला, तर त्याच्याकडे दाखवायला काहीतरी असले पाहिजे.