‘विडी ओढता का?’ एवढं विचारून भागणार नाही

निलंग्यात एखाद्या गरोदर बाईला ‘विडी-सिगारेट ओढता का?’ असं विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच येईल. ते खोटंही नसेल. पण तीच बाई रोज सकाळी दाताला मिसरी लावत असेल तर? तिच्या लेखी ते व्यसन नाही, दात घासणं आहे.

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे प्रश्न धुराचा कमी आणि चिमटीतल्या तंबाखूचा जास्त आहे.

ही सवय निरुपद्रवी नाही. मुंबईतल्या १,२१७ गरोदर महिलांचा अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू, त्यातही मुख्यतः मिसरी, वापरणाऱ्या महिलांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि प्रसूती सुमारे सहा दिवस आधी झाली. आधीच अशक्त असलेल्या आईच्या बाळाला एवढी घटही महागात पडते.

राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. पण मिसरी घरातच, तंबाखूच्या पानापासून तयार होते. तिथे धाड काय करणार? तिथे बोलणंच कामाला येतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये हेच सांगितलं: प्रत्येक तपासणीला तंबाखूबद्दल विचारा आणि समुपदेशनाची मदत द्या. तंबाखू सोडवण्यासाठी दिली जाणारी बुप्रोपिऑन आणि व्हरेनिक्लिन ही औषधं गरोदरपणात देऊ नयेत, असंही तिने म्हटलं आहे. म्हणून समुपदेशनाला पर्याय नाही.

पण समुपदेशन म्हणजे रागावणं नव्हे. ‘बाई, मिसरी लावता का? दिवसातून किती वेळा? दात दुखतो म्हणून, पोट साफ होत नाही म्हणून, की मळमळ थांबते म्हणून?’ कारण कळलं की उपाय सापडतो. मग सोडायचा दिवस ठरवायचा, तलफ आली तर काय करायचं ते ठरवायचं आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारायचं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. आशाताई तर दारापर्यंत येतात. दोन्हीकडे हे पाच मिनिटांचं बोलणं व्हायला हवं, असं आम्हाला वाटतं.

शेवटी गोष्ट घरावर येते. सासूबाईंच्या हातात मिसरीची डबी असेल आणि शोहर घरातच विडी ओढत असेल, तर एकट्या सुनेला उपदेश करून काय उपयोग? रमजानमध्ये सहेरीपासून इफ्तारपर्यंत हीच माणसं तंबाखूला शिवत नाहीत. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं. येणाऱ्या बाळासाठी सगळ्या घराने ते मनावर घ्यावं. मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशक बोलतात. आज घरात एकदा विचारून तर बघा.