एका नळाची चार शास्त्रे

इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र ही नावे ऐकताच लहान मुलांना जांभया येतात. म्हणून मुकुंदवाडीच्या पोरांना मी आधी नळ दाखवतो. पाणी येते पैठणच्या नाथसागरातून; हा भूगोल. 1610 साली खडकी वसवणाऱ्या मलिक अंबराने या शहरात नहरीने पाणी खेळवले, हा इतिहास. पाण्याचा कारभार पाहणारे नगरसेवक आपणच निवडायचे, हे नागरिकशास्त्र. नळ कोरडा, तर टँकरला पैसे मोजा, हे अर्थशास्त्र!

इतके झाल्यावर एका चिमुरडीने विचारले, "गुरुजी, मग पाणी रोज का येत नाही?"

चारही शास्त्रे तिला कळली होती. उत्तर मात्र वर्गात मावणारे नव्हे; ते आपण मोठ्यांनीच द्यायचे आहे.