दानिशची नक्कल करायचीच असेल तर

आमच्या शेजारच्या इमारतीतला एक मुलगा मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला 'भाई' म्हणतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर मोहल्ल्यातला प्रत्येक बिघडलेला लॅपटॉप माझ्याच दारात येतो, तसा मागच्या महिन्यात त्याचाही आला. हार्ड डिस्कमधले फोटो परत मिळाल्यावर खूश होऊन त्याने ते एकेक करून मला दाखवले. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्याने भिवंडीच्या लूम कारखान्यांवर मालिका केली आहे. साठेक फोटो होते. सगळे काळे-पांढरे, खिडकीतून येणारा तिरपा उजेड, कामगाराचा अर्धा चेहरा अंधारात आणि नजर थेट आपल्यावर.

"कुणाकडून शिकलास हे?" मी विचारलं.

"दानिश सिद्दीकी. त्याचीच स्टाइल आहे ना, भाई."

तुमच्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये दानिशचे फोटो असतील. जामियात शिकलेला, टीव्हीची नोकरी सोडून २०१० मध्ये रॉयटर्समध्ये इंटर्न म्हणून लागलेला, २०१८ मध्ये रोहिंग्यांच्या छायाचित्रांसाठी सहकाऱ्यांसोबत पुलित्झर मिळवलेला आणि १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानातल्या स्पिन बोल्दकजवळ काम करताना मारला गेलेला माणूस. कॅमेरा हातात घेणाऱ्या आपल्या मुलांना तो आपला वाटतो, हे स्वाभाविक आहे. त्याची नक्कल करण्यातही मला काही वावगं वाटत नाही. आम्हीही पहिली दोन वर्षं दुसऱ्यांचा कोड उचलूनच शिकलो. फक्त उचललेला कोड काय करतो हे समजून घेतलं नाही, तर तो आपल्या प्रोग्राममध्ये जाऊन भलतंच काही करून बसतो.

म्हणून आम्ही दोघांनी त्याच लॅपटॉपवर दानिशचे फोटो उघडले. ११ सप्टेंबर २०१७, बांगलादेशातलं शाह पोरीर द्वीप. होडीतून उतरलेली, थकून गेलेली एक रोहिंग्या बाई किनाऱ्याला हात लावते आहे. फोटो रंगीत आहे. ३० जानेवारी २०२०, जामियाजवळ आंदोलकांवर पिस्तूल रोखणारा तरुण. तोही रंगीत. एप्रिल २०२१, दिल्लीत वरून टिपलेल्या कोविडच्या चिता. तोही रंगीतच, आणि त्या चितांचा भगवा-पिवळा रंग काढून टाकला तर त्या फोटोत काय उरेल?

मुलगा गप्प झाला. त्याने ज्याला दानिशची स्टाइल समजून उचललं होतं, तो एका ॲपमधला तयार फिल्टर होता.

वृत्तसंस्थेच्या फोटोग्राफरला असा फिल्टर वापरायची मुभाच नसते. थोडं कातरा, उजेड जरा सावरा, एवढंच. २०१५ मध्ये रॉयटर्सने आपल्या फ्रीलान्स छायाचित्रकारांना सांगितलं, की कच्च्या फाइलवरून घडवलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातून निघालेली जेपेगच द्या. म्हणजे नाट्य नंतर भरता येत नाही, समोर असेल तेवढंच मिळतं. आणि प्रत्येक फोटोखाली ओळ लागते: कोण, कुठे, कधी, काय करताना. माझ्या मते दानिशची अर्धी स्टाइल त्या ओळीत आहे. आमच्या मुलाच्या साठ फोटोंपैकी एकाखालीही कामगाराचं नाव नव्हतं.

एका फोटोखाली मात्र दोन शब्द होते: 'भिवंडीचे गुलाम'. तो त्याने इन्स्टाग्रामवर टाकला होता. फोटोतल्या चाचांच्या भाच्याने तो गावी, गोरखपूरकडे, पाहिला आणि चाचांना फोन केला. चाचा तीस वर्षं भिवंडीत माग चालवतात. याच मजुरीवर गावी पक्कं घर बांधलं, मुलीला नर्सिंगला घातलं. ते मुलाला एवढंच म्हणाले, "बेटा, हमको गुलाम लिख दिया?"

हे त्याने मला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता. पण लगेच त्याने मलाही सुनावलं. "भाई, तुमच्या अब्बांचे स्वतःचे माग होते. तुम्हाला अंधारातले फोटो आवडणारच नाहीत."

टोला बरोबर बसला. आमचे सहा माग होते आणि आमच्या कारखान्यातही बारा तासांची पाळी होती, मीटरवर मजुरी होती. लाइट गेली की कामगाराची कमाई बुडायची, आमचीही, पण आमच्या घरी त्या रात्री चूल पेटायची. लहानपणी मी कांड्यांच्या टोपलीशी खेळायचो आणि मागांच्या खडखडाटात कामगार एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात, हे मला गंमतच वाटायचं. पुढे कळलं, की त्यातल्या कित्येकांना ऐकूच कमी येत होतं. तेव्हा कष्ट दाखवू नकोस, असं मी त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? हसरे चेहरे आणि रंगीत कापडाचे तागे ही जाहिरात झाली.

माझं म्हणणं वेगळं आहे. मे १९७०ची दंगल, १९८४ची दंगल, सप्टेंबर २०२० मध्ये पत्त्यांसारखी कोसळलेली जिलानी बिल्डिंग. बाहेरच्याला भिवंडी म्हटलं की एवढंच आठवतं. या घटना घडल्या, त्यांचे फोटो निघायलाच हवे होते. पण बाहेरून आलेल्या फोटोग्राफरकडे एक दिवस असतो. आमच्या मुलाकडे सगळं वर्ष आहे, कारखाना त्याच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे, तरी त्याने बाहेरच्या माणसाचाच फोटो काढला.

दानिशचं एक काम त्याने पाहिलंच नव्हतं, ते मी त्याला दाखवलं. मार्च २०२०, लॉकडाऊन नुकतंच लागलेलं. मुलाला खांद्यावर घेऊन दिल्लीतून चालत निघालेल्या एका मजुराचा फोटो दानिशने काढला. तो फोटो गाजला. पुष्कळ जण तिथेच थांबले असते. दानिश नंतर आपल्या वार्ताहर सहकाऱ्यासोबत मध्य प्रदेशातल्या त्या माणसाच्या गावी गेला. घर कसं आहे, शेत किती, तो शहरात का आला होता, परत जाणार का, हे सगळं टिपलं. मग पहिल्या फोटोतला खांद्यावरचा पोरगा नुसता 'मजुराचं मूल' राहत नाही. त्याच लॉकडाऊनमध्ये, मेच्या सुरुवातीला, भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली होती. त्या गाडीने गेलेले आणि परत आलेले किती तरी कामगार आपल्या गल्लीत आहेत. त्यांच्या दोन्ही टोकांची गोष्ट कोणी केली?

दंगलीत फोटोग्राफर परवानगी मागत बसू शकत नाही, दानिशनेही प्रत्येक वेळी मागितली नसेल. लूमचा कारखाना म्हणजे दंगल नव्हे. कामगार उद्याही तिथेच असतो, जुम्म्याला माग बंद असताना तर निवांत भेटतो.

मुलाने ती पोस्ट काढून टाकली. पुढच्या जुम्म्याला नमाजनंतर तो चाचांच्या भिसीत गेला, कॅमेरा न घेता. आधी बरंच ऐकून घ्यावं लागलं म्हणे, मग जेवायला बसवलं. तिसऱ्या जुम्म्याला चाचाच म्हणाले, की फोटो काढ, पण थांब. आत जाऊन इस्त्रीचा निळा शर्ट घालून आले आणि मागाला टेकून उभे राहिले, मुलीला पाठवायचा होता. तो फोटो अगदी स्टुडिओतल्यासारखा आहे, ताठ, मान वर. दुसरा त्यानंतरच्या रात्रपाळीचा: तेच चाचा, बनियनवर, भुवयांवर कापसाचे पांढरे तंतू, तुटलेला धागा जोडताना. दोन्ही रंगीत. दोन्हींखाली त्यांचं नाव, गाव आणि तारीख.

प्रोजेक्ट सोमवारी द्यायचा आहे. सर एकच फोटो निवडून आण म्हणाले आहेत. तो मला विचारायला आला होता. मी म्हटलं, चाचांना विचार.