कपाटातला ‘पाय’ बाहेर काढा

सबमिशनचा हंगाम संपला की इंजिनीअरिंगच्या प्रत्येक बॅचमागे काही छोटे कॉम्प्युटर बेरोजगार होतात. एटीएम कार्डाएवढी हिरवी पाटी, तिच्यावर एक चिप, चार यूएसबीची भोकं, नाव रास्पबेरी पाय. फायनल इयरला त्यावर चेहरा ओळखून उघडणारं कुलूप झालेलं असतं, नाहीतर झाडांना आपोआप पाणी, नाहीतर तो स्मार्ट आरसा, जो दर वर्षी कोणीतरी करतंच. एक्स्टर्नल येतात, एलईडी लागतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात, ब्लॅक बुकवर सही होते आणि पाय कपाटात जातो. ग्रुपमधल्या चौघांपैकी नेमका कोणाच्या कपाटात, हेही वर्षभराने कोणाला आठवत नाही. प्रोजेक्ट ‘रेडीमेड’ आणला असेल तर तो बॉक्स उघडून पाहिलेलाही नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. तो बाहेर काढा, घरच्या राउटरशेजारी ठेवा, त्यावर नव्याने लिनक्स टाका आणि तो चोवीस तास चालू राहू द्या. मार्कांसाठी नाही, प्रोजेक्टसाठी नाही, घरासाठी.

हा कॉम्प्युटर जन्मालाच आला तो मुलांनी त्याच्याशी खेळावं म्हणून. एबेन अप्टन केंब्रिजला कॉम्प्युटर सायन्स शिकवत होते, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की प्रवेशासाठी येणारी मुलं कमी होतायत आणि जी येतायत त्यांनी मशिनशी आधी फारशी झटापट केलेली नाही. १९८० च्या दशकातल्या ब्रिटिश पोरांकडे घरी बीबीसी मायक्रो असायचा. चालू केला की समोर थेट प्रोग्रॅम लिहायची जागा. नंतरच्या पिढीकडे आला तो तयार खिडक्यांचा कॉम्प्युटर, ज्याला हात लावला की बाबा ओरडणार. म्हणून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरचा पाय बाजारात आला. मोडला तरी घरात रडारड होणार नाही, अशा किमतीचा.

गंमत म्हणजे तो बीबीसी मायक्रो आपल्याकडेही आला होता. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा कॉम्प्युटर प्रकल्प सुरू केला, त्यात हीच मशिनं होती. पण आपल्याकडे कॉम्प्युटर म्हणजे लॅब, आणि लॅब म्हणजे चपला बाहेर काढून, रांगेने, हात मागे. आई-बाबांना विचारा, सांगतील. ती चपला बाहेर काढायची सवय आपल्या डोक्यातून अजून गेलेली नाही. खेळायला बनवलेली वस्तूसुद्धा आपण सिलॅबसमध्ये बसवली, तिला मार्क दिले आणि कपाटात बंद केली.

आता तो चोवीस तास चालवायचा म्हणजे बिल किती, हा घरातला पहिला प्रश्न. पायमधली चिप मोबाइलच्या चिपच्याच जातकुळीची, त्यामुळे ती वीज खाते जेमतेम. साधं काम असेल तर ३ ते ५ वॉट. ५ धरले तरी दिवसाला १२० वॉट-तास, म्हणजे जुना ७५ वॉटचा सीलिंग फॅन तासदीड तास चालवण्याएवढी वीज. महिन्याला ३.६ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर ३६ रुपये, दोन वडापावांचं बजेट. हेच काम ८० वॉट खाणाऱ्या जुन्या डेस्कटॉपवर केलंत तर ५८ युनिट होतात, आणि मग आईचा आवाज चढणं रास्त आहे.

पाय नसेल तर नवा विकत घ्या असं मी अजिबात म्हणत नाहीये. बोर्ड, अडॅप्टर, कार्ड, केस असं करत बिल बरंच वर जातं, ३५ डॉलरचे दिवस गेले. आर्ट्‌स-कॉमर्सवाल्यांच्या कपाटात पाय नसतो, पण माळ्यावर जुना लॅपटॉप असतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मोफत मिळणारे अपडेट थांबले. विंडोज ११ ला ठरावीक सिक्युरिटी चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट लॅपटॉप एका तारखेला ‘जुने’ ठरले. त्यांच्यावर डेबियन किंवा लिनक्स मिंट टाका, झाकण लावा आणि एका कोपऱ्यात चालू ठेवा. वीज पायपेक्षा जास्त लागेल, दहा-पंधरा वॉट, पण बॅटरी आतच असल्याने यूपीएस फुकट मिळतो. (बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र हा प्रयोग नको, आधी ती बदला.) नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली आहेच. ऑफिसांतून निघालेले छोटे डबे कुठे मिळतात, तिथे विचारा.

आणि त्यावर करायचं काय?

सुरुवात पाय-होलने करा. घरातल्या प्रत्येक मोबाइलने, टीव्हीने एखाद्या साइटचा पत्ता विचारला की तो प्रश्न आधी तुमच्या पायकडे येतो. जाहिराती पुरवणाऱ्या आणि पाळत ठेवणाऱ्या कंपन्यांचे पत्ते असतील तर पाय ‘माहीत नाही’ म्हणतो, विषय संपला. यूट्यूबच्या जाहिराती याने जात नाहीत, त्या यूट्यूबच्याच पत्त्यावरून येतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पण खरी मजा जाहिराती जाण्यात नाहीच. पाय-होलचा तक्ता उघडून बघा. रात्री तीन वाजता, सगळे झोपलेले असताना, तुमचा स्मार्ट टीव्ही कोणाकोणाशी बोलत असतो ते दिसतं. नेटवर्किंगच्या पुस्तकातलं डीएनएसचं प्रकरण मला कधी एवढं पटकन समजलं नव्हतं.

दुसरं काम फोटोंचं. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमध्ये नवे फोटो १५ जीबीच्या कोट्यात मोजले जायला लागले. त्याच १५ जीबीत ईमेल, ड्राइव्ह आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही. घरोघरी ‘स्टोरेज फुल’चा लाल पट्टा झळकतोय आणि आपण बसून मावसबहिणीच्या हळदीचे कोणते फोटो उडवायचे याची चर्चा करतोय. पायला एक बाहेरची डिस्क जोडा, त्यावर सिंकथिंग टाका. घरातल्या अँड्रॉइड फोनांतले फोटो वाय-फायवरून आपोआप डिस्कवर उतरतात. आयफोनवाल्यांना जरा जास्त खटपट आहे. हे पाय ३ वरही भागतं. अल्बम, चेहरे, शोध असं गूगलसारखं सगळं हवं असेल तर इमिच आहे, पण त्याला रॅम जास्त लागते, तिथे पाय ३ हात टेकतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ओपन सोर्सवाली मंडळी ती सांगत नाहीत. हे सगळं स्वस्त पडतं म्हणून करू नका. क्लाउडचा शंभर जीबीचा प्लॅन महिन्याला दीड-दोनशे रुपयांत येतो. डिस्कची किंमत आणि तुमचे वाया जाणारे शनिवार-रविवार धरले तर पैशांच्या गणितात तुम्ही हराल. डिस्क एक ना एक दिवस जाणार, म्हणून दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्यतो वेगळ्या घरात ठेवावी लागते. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जातात, आणि लिहिता लिहिता वीज गेली की पायचं मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. म्हणून महत्त्वाचं काही कार्डावर ठेवायचं नाही. राउटरला असतो तसा छोटा बॅकअप पायलाही मिळाला तर उत्तम, फक्त त्याला लागणारा करंट देणारा बघून घ्या.

मग करायचं कशासाठी? कारण ही एकमेव जागा आहे जिथे तुम्ही गिऱ्हाईक नाही.

बघा ना, कॉलेजच्या मुलाकडे आज स्वतःचं काय असतं? गाणी भाड्याची, सिनेमे भाड्याचे, नोट्स कोणाच्या तरी सर्व्हरवर, ऑफिसची सॉफ्टवेअरं स्टुडंट आयडी असेपर्यंत. डिग्री मिळाली की कॉलेजचा ईमेल बंद आणि त्यातल्या फायलीही गेल्या, हे दर वर्षी कोणाचं तरी होतंच. दुसरा मार्ग आपल्याला माहीत असतो तो क्रॅकचा. गल्लीतला कॉम्प्युटरवाला पाचशे रुपयांत सगळं ‘टाकून’ देतो. त्यात व्हायरस येतो हे सोडाच, पण ते सॉफ्टवेअर आतून कसं चालतं हे विचारायची सोय त्यात उरत नाही. इंग्रजीत फुकट आणि मुक्त दोन्हींना ‘फ्री’ म्हणतात, म्हणून त्यांना दर वेळी खुलासा करावा लागतो. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, तरी आपण फुकटच्या पुढे जात नाही.

मराठीपुरतं तर हे फारच जवळचं आहे. घरातल्या जुन्या सीडी शोधा. कोणाचे तरी लेख, मंडळाचा अहवाल, आजीने सांगून टाइप करून घेतलेल्या आठवणी. वीस वर्षांपूर्वी श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल आज उघडा, तो फॉन्ट मशिनवर नसेल तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसेल. मजकूर आपला, भाषा आपली, पण वाचायची किल्ली दुसऱ्याकडे. युनिकोडने आणि लोहित देवनागरीसारख्या मुक्त फॉन्टनी ही अडचण सोडवली. लिब्रे ऑफिसमध्ये ओपन डॉक्युमेंट फॉर्मॅटात सेव्ह केलेली फाइल कशी वाचायची याचे नियम जाहीर आहेत, ते कोणालाही वाचता येतात. तुमचा दिवाळी अंकातला पहिला लेख २०४५ मध्येही उघडायला हवा असेल तर हा विचार आत्ताच करायचा.

आणि करिअरचं विचाराल, कारण विचारणारच, तर २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पहिल्या पाचशे सुपरकॉम्प्युटरच्या यादीतलं प्रत्येक मशिन लिनक्सवर चालतं. मोबाइलमधल्या अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स आहे. कंपन्यांचे बहुतांश सर्व्हर लिनक्सवर. लॅबमध्ये आपण वीस कमांड पाठ करतो, जर्नलमध्ये आउटपुट चिकटवतो आणि इंटरव्ह्यूला ‘डिस्क भरली तर काय कराल’ विचारलं की गप्प होतो. घरच्या पायची डिस्क भरते तेव्हा बाबांचे फोटो यायचे थांबतात आणि बाबा तुमच्या डोक्यावर उभे असतात. मग ते उत्तर आपोआप सापडतं. लॅबमधल्या मशिनवर कोणाचं काही अवलंबून नसतं, हा तिच्यातला मोठा दोष आहे. घरच्या मशिनवर माणसं अवलंबून असतात. शुक्रवारी रात्री नवीन काहीतरी टाकून बघायचा मोह होतो, तेव्हा शनिवारी सकाळी ताईचा ऑनलाइन क्लास आहे, हे आठवायला शिकवणारा कोर्स मला तरी कुठे दिसला नाही.

काढताना दोन गोष्टी सांभाळा. कपाटातल्या पायमधलं जुनं कार्ड तसंच चालवू नका. २०२२ च्या एप्रिलपर्यंत पायच्या सिस्टीममध्ये युजरनेम ‘पाय’ आणि पासवर्ड ‘रास्पबेरी’ आधीपासूनच भरलेले असायचे आणि प्रोजेक्टच्या घाईत ते कोणीच बदलत नाही. कार्ड पुसा, नवीन सिस्टीम टाका, स्वतःचा पासवर्ड ठेवा. दुसरं, कॉलेजातून घरचे फोटो बघायचेत म्हणून राउटरची दारं सताड उघडू नका. तसंही बऱ्याच घरगुती इंटरनेट जोडण्यांना स्वतःचा स्वतंत्र पत्ता मिळत नाही, एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, त्यामुळे दार उघडूनही बाहेरून आत येता येत नाही. टेलस्केलसारखी सोय वापरा, ती तुमच्या मोबाइलपासून घरच्या पायपर्यंत खासगी बोगदा काढते.

एक अडचण राहतेच. तुम्ही नोकरीला बंगळुरूला जाल, हॉस्टेलला जाल, आणि घरी आई त्या डब्यासोबत उरेल. म्हणून शंभर पानी वहीतलं एक पान फाडून मराठीत लिहा: ही वस्तू काय आहे, फोटो कुठल्या डिस्कवर आहेत, दुसरी प्रत कोणाकडे आहे, पासवर्ड काय. इंटरनेट अडलं तर राउटरमधली कोणती सेटिंग पूर्ववत करायची, म्हणजे पायशिवाय घर चालेल, तेही. ते पान राउटरच्या मागे भिंतीला चिकटवू नका, पासवर्ड आहे त्यावर; रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवा. भिंतीवर फक्त एवढंच लावा: हिरवा दिवा लुकलुकत असेल तर झाडू मारताना वायर काढू नये.