कळलावी: कोणती कळ?

पावसाळ्यात आमच्या मलाजखंडच्या आसपास, कुंपणांवर आणि जंगलाच्या कडेला कळलावी फुलते. मागे वळलेल्या सहा पाकळ्या, आधी हिरवट-पिवळ्या, मग लालभडक, चुलीतल्या जाळासारख्या. पानांची टोकं दोऱ्यासारखी वळतात आणि त्यांच्याच आधाराने वेल वर चढते.

गेल्या पावसाळ्यात ती आमच्या कुंपणावर आपणहून उगवली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "उपटून टाका मॅडम. घरात भांडणं होतात. नावातच आहे ना, कळ लावणारी!" मी हसले. पण त्याच आठवड्यात आमच्याकडे पैशांवरून चांगलंच वाजलं होतं. खोटं कशाला सांगू, माझा हात वेलीकडे गेला.

सासूबाईंनी अडवलं. "अगं, ही कळ भांडणाची नव्हे, बाळंतिणीची." बाई अडली की सुईण हिचा कंद उगाळून बेंबीला आणि तळपायांना लेप लावी, कळा सुरू व्हाव्यात म्हणून.

मग मी पुस्तकं काढली. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त हिचं एक नाव आहे 'गर्भनुत्', म्हणजे गर्भाला ढकलणारी. सासूबाईंचं म्हणणं खरं ठरलं. 'लांगली' हे नाव नांगरावरून, कारण कंदाचा आकार तसा. आणि तिथेच 'कलिहारी'ही आहे, जे आजही हिंदीत चालतं. शब्दशः घेतलं तर कलि म्हणजे भांडण, ते हरण करणारी! म्हणजे आपल्या या दोन भाषांच्या मुलखात एकच वेल मराठीत भांडण लावते आणि हिंदीत मिटवते. बिचारीने करावं तरी काय?

बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, सुईणी गेल्या, तशी नावातली ती कळही विसरली गेली. उरली फक्त भांडणाची. दवाखाने आले हे बरंच झालं, कारण ही वेल सबंध विषारी आहे आणि कंद सर्वांत जास्त. त्यातल्या कोल्चिसिनने माणूस दगावतो. तेव्हा घरगुती प्रयोग कुणी करू नयेत, मुलांनाही कंदाला हात लावू देऊ नये.

आमची वेल मात्र कुंपणावरच राहिली. पैशांचं भांडण आम्ही दोघांनी वही-पेन घेऊन, समोरासमोर बसून मिटवलं. त्यात फुलाचा काही दोष नव्हता.