गादीवर दुसरा बसतो तेव्हा

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर असे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. त्यामुळे इथे एस. टी. थांबते, कांद्याचे ट्रॅक्टर थांबतात आणि गप्पाही थांबतात. फाट्यावरच्या केशकर्तनालयात मी महिन्यातून एकदा जातो. डोक्यावर कापण्यासारखे फारसे उरलेले नाही. पण तिथे जे ऐकायला मिळते त्याची किंमत हजामतीच्या दरापेक्षा नक्कीच जास्त असते.

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. कांद्याची निर्यातबंदी डिसेंबरपासून चालू होती, ती नुकतीच उठली होती. पण चाळीस टक्के शुल्काचे शेपूट मागे राहिले होते. त्यामुळे दुकानात कांद्याचीच चर्चा असेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात वाद चालला होता तो मुंबई इंडियन्सचा कर्णधार पुढच्या वर्षी कोण असावा याचा. संघ नुकताच स्पर्धेबाहेर फेकला गेला होता. खुर्चीत बसलेला, गालाला साबण लावलेला तरुण म्हणाला, "रोहितलाच परत आणा." बाकावरचा म्हणाला, "सूर्याला द्या." तिसऱ्याचे मत बुमराला होते. हार्दिक पंड्याच्या बाजूने मात्र एकही हात वर झाला नाही. कारागिराने वस्तरा हवेत धरून मला विचारले, "साहेब, तुम्ही बँकेत मॅनेजर होता. तुम्ही सांगा, अशा माणसाला खुर्चीत ठेवाल का?"

मी उत्तर दिले नाही. त्या प्रश्नाने माझ्याच एका जुन्या खुर्चीची आठवण जागी केली होती. तिच्याकडे येण्यापूर्वी मूळ प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण रविवारी हे पान वाचणाऱ्या सगळ्यांच्याच घरी क्रिकेटचा एवढा पाठपुरावा होत असेल असे नाही.

रोहित शर्माने मुंबईला २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदे मिळवून दिली. डिसेंबर २०२३ मध्ये त्याला बाजूला करून मालकांनी हार्दिकला कर्णधार केले. हार्दिक मूळचा मुंबईच्याच संघात घडलेला. पण मधली दोन वर्षे तो गुजरातकडे गेला, पहिल्याच वर्षी, २०२२ मध्ये, त्याने त्यांना अजिंक्यपद मिळवून दिले आणि दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत नेले. म्हणजे कागदावर पाहिले तर नेमणूक वावगी नव्हती. पण माणसे कागदावर राहत नाहीत. अहमदाबादला लोकांनी त्याची हुर्यो उडवली. तिथल्या लोकांचा राग समजण्यासारखा होता, तो त्यांना सोडून आला होता. पण १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर, घरच्या मैदानावर, स्वतःच्याच संघाच्या पाठीराख्यांनी त्याला तेच ऐकवले. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागण्याची समज द्यावी लागली. दहा दिवसांनी विराट कोहलीने, म्हणजे प्रतिस्पर्धी संघातल्या खेळाडूने, त्याच मैदानावर लोकांना हाताने खुणावून थांबायला सांगितले. पाहुण्याने यजमानाच्या घरातले भांडण सोडवावे, तसे ते दृश्य होते.

मोसमाअखेर मुंबई दहा संघांत दहावी आली. चौदा सामने, चार विजय. दुकानातल्या सगळ्यांनी याचा अर्थ एकच लावला होता: कर्णधार चुकला.

मी त्यांना एवढेच विचारले, की २०२२ साली मुंबई कितवी आली होती? कोणाला आठवेना. तेव्हाही चौदा सामन्यांत चारच विजय होते, तेव्हाही संघ दहावाच होता आणि पहिले आठ सामने ओळीने हरले होते. कर्णधार रोहित होता. दोन माणसे, दोन वर्षे, आणि ताळेबंदाची शेवटची ओळ अगदी तीच. बँकेत असे आकडे समोर आले तर आम्ही माणूस बदलण्याआधी खातेवही पाहत असू. दुखणे कुठेतरी दुसरीकडे आहे असा त्याचा सरळ अर्थ होतो.

पण असा विचार करायला आपल्याला आवडत नाही. हरणाऱ्या संघात गोलंदाजी कच्ची आहे, लिलावात चुकीची खरेदी झाली, जुन्या-नव्यांचा मेळ बसत नाही, ही उत्तरे गुंतागुंतीची आहेत. 'याला काढा, त्याला आणा' हे उत्तर चार शब्दांचे आहे. घरात, गावात, सोसायटीत, पक्षात सगळीकडे आपण हेच चार शब्द वापरतो.

आमच्या पिढीने हे आधीही केले आहे. १९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत टाकून पतौडींच्या जागी अजित वाडेकरांना कर्णधार केले. वाडेकर स्टेट बँकेतले, म्हणून पुढे आम्हा बँकवाल्यांना त्यांचा विशेष अभिमान. त्याच वर्षी त्यांनी वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या. गावात ज्या एका घरी रेडिओ होता त्याच्या ओट्यावर आम्ही पोरे ओव्हलचा विजय ऐकायला बसलो होतो. आणि १९७४ ला इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी हरल्या, लॉर्ड्सवर ४२ धावांत डाव आटोपला, तेव्हा याच वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूरला त्यांच्या संघाच्या गौरवासाठी उभारलेल्या बॅटची विटंबना झाली. पुढे पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळले आणि त्यांनी खेळ थांबवला. चौदा वर्षांचा मी तेव्हा त्याच ओट्यावर बसून त्यांना मनसोक्त नावे ठेवत होतो. तीन वर्षांपूर्वी साखर वाटणारे हात तेच होते.

त्या कथेतला एक भाग मात्र आपण विसरतो. पायउतार झालेले पतौडी १९७२-७३ च्या मोसमात परतले आणि वाडेकरांच्या हाताखाली खेळले. मद्रासला त्यांनी ७३ धावा केल्या. नवाबाने बँकेतल्या नोकरदाराच्या नेतृत्वाखाली मुकाट्याने क्षेत्ररक्षण केले. गादीवरून उतरलेला माणूस कसा वागतो, यावर गादीवर बसलेल्याचे निम्मे भवितव्य अवलंबून असते.

हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवले नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझी बदली दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शाखेत झाली. माझ्या आधीचे मॅनेजर त्या गावाचे लाडके होते. कोणाच्या मुलीचे लग्न कधी, कोणाची विहीर आटली, हे त्यांना तोंडपाठ. पण शाखेची थकबाकी वर गेली होती म्हणून त्यांना उचलून विभागीय कार्यालयात नेले आणि वसुलीसाठी मला पाठवले. कारण गावाला कोणी सांगितले नाही. गावाच्या दृष्टीने मी त्यांचा माणूस हाकलून आलेला उपरा होतो. मी दारात पाऊल टाकले की बाहेरच्या पायरीवर बसलेले लोक मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "जुने साहेब असते तर..." ते वाक्य कधी पूर्ण होत नसे. अपुऱ्या वाक्याला उत्तर देता येत नाही. आठ महिने मी ते ऐकले. घरी आलो की बायकोशीही धड बोलत नसे.

एका बाजारच्या दिवशी जुने साहेब अचानक आले. शाखेत गर्दी होती. लोक उठून उभे राहिले, कोणी पाया पडले. मी शिष्टाचार म्हणून माझी खुर्ची रिकामी केली. ते त्या खुर्चीकडे गेलेच नाहीत. टेबलासमोर, जिथे कर्जदार बसतो, तिथे ते बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "हे जी वसुली करताहेत ती मी वाटलेल्या कर्जांची आहे. वाटताना चुकलो असेन तर मी चुकलो. यांना त्रास देऊ नका." चहा घेतला आणि पुढच्या गाडीने निघून गेले.

शाखा त्या दिवशी सुधारली असे म्हणणार नाही. त्याला दोन वर्षे लागली. पण पायरीवरचे ते अपुरे वाक्य त्या दिवसापासून बंद झाले. आणि एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. त्या आठ महिन्यांत वरिष्ठांना लिहिलेल्या एका पत्रात मी साऱ्या थकबाकीचे खापर त्यांच्यावर फोडले होते. ते पत्र त्यांच्याच कार्यालयात गेले होते. ते त्यांनी वाचले होते, हे मला पुढे कळले. ते वाचून ते आले होते.

म्हणून २९ जून २०२४ च्या रात्री बार्बाडोसचा विश्वचषकाचा अंतिम सामना पाहताना माझे लक्ष धावांपेक्षा दोन माणसांवर होते. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या. रोहितने चेंडू दिला तो हार्दिकच्या हातात. पहिल्याच चेंडूवर मिलरचा झेल सीमारेषेवर सूर्यकुमारने घेतला, आणि भारत सात धावांनी जिंकला. दुकानातले तिघे ज्या खुर्चीसाठी एकमेकांविरुद्ध उभे केले होते, ते तिघे एका चेंडूत एकत्र आले होते. हार्दिक रडत होता. तो बोलत असताना रोहितने येऊन त्याच्या गालाचा मुका घेतला. ४ जुलैला वानखेडेवर मिरवणूक पोहोचली तेव्हा रोहितने भाषणात त्या शेवटच्या षटकाचे श्रेय जाहीरपणे हार्दिकला दिले, आणि तीन महिन्यांपूर्वी हुर्यो उडवणारे तेच वानखेडे त्याच्या नावाचा घोष करत होते.

आमच्या आळ्याला हा प्रकार नवा नाही. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले असे सांगतात, त्या रेड्याची समाधी आमच्या गावात आहे. कथा अशी की 'ज्ञाना हे नाव त्या रेड्याचेही आहे' म्हणून जमाव हसला, आणि नंतर त्याच जमावाने हात जोडले. लहानपणी मला त्यात चमत्कार दिसे. आता वाटते, जमाव किती लवकर उलटतो याचीच ती कथा असावी.

मग चाहत्यांनी बोलूच नये का? जरूर बोलावे. ज्याला वाईट वाटत नाही तो चाहता कसला? कर्णधार कोण असावा यावर वाद घालणे हा संघावरचा हक्क सांगणे आहे. मालकांनीही त्या हक्काचा मान राखून, निर्णय का घेतला हे लोकांना पटेल अशा शब्दांत सांगायला हवे होते. न सांगितलेल्या कारणाची जागा संशय घेतो, हे मी पायरीवर ऐकले आहे. पण मत देणे वेगळे आणि आपल्याच घरच्या माणसाला भर मैदानात खाली मान घालायला लावणे वेगळे. त्याने संघ सुधारत नाही. फक्त पुढच्या माणसाला त्या खुर्चीची भीती वाटू लागते.

मुंबईने अखेर २०२५ साठी हार्दिकलाच ठेवले. पहिल्या पाचांतले चार सामने संघ हरला, आणि फाट्यावर पुन्हा तेच चार शब्द ऐकू आले. नंतर ओळीने सहा जिंकून मुंबई चौथी आली आणि अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर पंजाबकडून हरली. त्या पंजाबचा कर्णधार मुंबईचाच श्रेयस अय्यर. आदल्या वर्षी कोलकात्याला विजेतेपद मिळवून देऊनही त्यांनी न राखलेला.

त्यानंतर दुकानात गेलो, तेव्हा कारागिराने पुन्हा विचारले, "मग साहेब, त्या दिवशी तुम्ही उत्तर दिलंच नाही. ठेवायचा की काढायचा?"

मी म्हणालो, "आधी जुन्या साहेबांना विचारून ये, ते कुठे बसणार आहेत."

त्याला ते कळले नाही. त्याने माझ्या मानेवरून टॉवेल झटकला आणि कांद्याचा भाव विचारला.